बसाल्टचा भोंगा

"गाणं सोडून काय ते बोला," मुकुंद रणपिसे म्हणाले आणि समोरच्या मोटारीचे नट आवळू लागले.

कोरेगावातल्या त्यांच्या पंपांच्या दुकानात आम्ही दोघं प्लास्टिक पाइपांच्या गठ्ठ्यावर बसलो होतो. मी, हेमलता जगदाळे, कराडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात तिसऱ्या वर्षाला, आणि माझ्या शेजारी आमचा गिटारवाला अल्ताफ शिकलगार. गोष्ट सत्त्याण्णव सालची. कराडहून एसटीनं सातारा, साताऱ्याहून दुसरी गाडी पकडून कोरेगाव, आणि एवढी यातायात करून ज्याला भेटायला आलो तो माणूस पहिल्याच वाक्यात दार लावून मोकळा.

"सर, गाणं सोडून आमच्याकडे दुसरा विषयच नाही," मी म्हणाले.

अल्ताफनं माझ्या पायावर पाय दिला. तो स्वभावानं गरीब. मी तशी नाही, घरचेही तेच म्हणतात.

आता बसाल्ट हा बँड म्हटलं की लोकांना ते छत्रीवालं गाणं आठवतं. हिंदी, गुळगुळीत, टीव्हीवर दिवसातून दहादा लागणारं. गोरापान गायक पावसात छत्री फेकून देतो आणि एक मुलगी ती उचलते, बस, एवढीच त्याची कथा. आमच्या होस्टेलच्या पोरी त्या पोरावर जीव ओवाळून टाकत होत्या. पण ते गाणं बसाल्टच्या तिसऱ्या अल्बममधलं. त्याआधी ह्याच बँडनं मराठीत दोन अल्बम काढले होते, 'भट्टी' आणि 'तिसरी पाळी'. पिंपरीच्या कारखान्यांत काम करणारी ती पोरं, आणि गाणी मराठीतली, पण कडक रॉक. साखळ्या ओढल्यासारख्या गिटारी, घणाघाती ड्रम, आणि त्यावर मुकुंद रणपिसे नावाच्या माणसाचा आवाज. दोन्ही अल्बम सपशेल पडले. दुकानदारांनी त्या कॅसेटी पुसून त्यांवर भजनं भरली म्हणतात.

माझ्या दृष्टीनं मात्र बसाल्ट म्हणजे ते दोनच अल्बम. 'भट्टी'तलं शेवटचं गाणं 'भोंगा'. कारखान्याचा भोंगा वाजतो आणि रात्रपाळीचा कामगार घरी निघतो, तेवढंच गाणं. शेवटी रणपिसे तोंडानं भोंगा देतो. एक लांबच लांब आरोळी, खालून उठते आणि चढत जाते. मी शाळेत लेझीम पथकात ढोल वाजवायची, पुढं त्याच हातांनी ड्रमवर बसले ती ह्या एका गाण्यापायी. आई म्हणायची, पोरीच्या जातीनं बडवायचं तर कपडे बडव. मी ते ऐकलं नाही.

आणि माझा एक सिद्धांत होता. कॅन्टीनमध्ये जो सापडेल त्याला तो मी ऐकवायची. जुना बसाल्ट जड आहे, संथ आहे, खर्जातला आहे, दमलेल्या कामगाराच्या चालीनं चालतो. नंतर ह्यांनी बाजारासाठी चाल पळवली आणि सूर चढवला. हे ऐकून ऐकून पोरं मला लांबूनच बघून चहा तसाच टाकून पळायची.

तर, त्या वर्षी गॅदरिंगला प्राचार्यांना छत्रीवाला बँड हवा होता. तो आमच्या आवाक्यातला नव्हता. तेव्हा मी म्हटलं, सर, आपण बसाल्टचा मूळ गायक आणू. त्यांना 'बसाल्ट' एवढंच ऐकू आलं आणि त्यांनी मान डोलावली. रणपिशांचा पत्ता काढायला मात्र अल्ताफच्या पिंपरीच्या मामूला महिनाभर खटपट करावी लागली.

"प्रमुख पाहुणे म्हणून या, सर," अल्ताफ हळूच म्हणाला. "बक्षिसं द्यायची, दोन शब्द बोलायचे."

"आणि मग कुणीतरी माईक पुढं करणार," रणपिसे म्हणाले. चाळिशीचा माणूस, अंगानं आडवा, बोटांना ग्रीस. आवाज खरखरीत, घोगरा. हाच तो माणूस का, अशी शंका यावी इतका साधा. "दोन ओळी होऊन जाऊ द्या, सर. पोरं शिट्ट्या मारणार. मी हे भोगलंय. मी गात नाही. अकरा-बारा वर्षं झाली, घरात सत्यनारायणाची आरतीसुद्धा म्हणत नाही मी."

"का?" मी विचारलं.

"का म्हणजे? नाही गात. तुला हा पंप हवाय का? नाही ना? मग तो का नको, असं मी विचारतोय का?"

आतल्या दारात त्यांच्या पत्नी उभ्या होत्या. शैलावहिनी. चहाचे कप देता देता त्या म्हणाल्या, "अहो, बक्षिसं द्यायला काय जातंय? पोरं लांबून आलीत."

"कुणी गा म्हणायचं नाही," रणपिशांनी बोट उगारलं. थेट माझ्यावर. "स्टेजवरून नाही, खालून नाही. तू शब्द दे. तुझ्याकडे बघूनच कळतंय, सगळी गडबड तूच करणार."

"दिला," मी म्हणाले.

परतीच्या गाडीत अल्ताफ म्हणाला, "हेमे, तू आणि गप्प बसणार?"

"बसीन की," मी म्हणाले. ज्याच्यापायी मी ड्रमवर बसले तो माणूस माझ्यापासून हातभर अंतरावर बसणार आणि मी त्याला गा म्हणायचं नाही! देवासमोर जाऊन डोळे मिटून परत यायचं, तसलाच प्रकार.

गॅदरिंगच्या दिवशी दुपारी आम्ही ड्रॉइंग हॉलमध्ये सराव करत होतो. मी, अल्ताफ आणि बेसवर नंदू वाघमोडे. गायचं कामही अल्ताफच करायचा. संध्याकाळी आम्ही पाहुण्यांसमोर 'भोंगा' वाजवणार होतो, मान म्हणून. गाणं आम्ही कॅसेट घासून घासून बसवलं होतं. अल्ताफनं गिटारच्या तारा मुद्दाम उतरवल्या होत्या, कारण कॅसेटशी जुळवायला गेलं की नेहमीच्या ताणात त्या कधी जुळतच नसत. जुन्या बसाल्टचं हेच गुपित, असं मी नंदूला दोनदा समजावलं होतं.

आम्ही दुसऱ्या कडव्यावर आलो आणि दार धाडकन उघडलं. रणपिसे! चार तास आधीच हजर. मागं शैलावहिनी, नव्या साडीत, धापा टाकत.

"बंद करा," ते ओरडले. "हे काय चालवलंय?"

अल्ताफचा हात तारांवरच थिजला.

"भोंगा, सर," मी म्हणाले. "तुमचा."

"माझा? हा माझा भोंगा? अरे, हे गाणं आहे की अंत्ययात्रा? आणि पट्टी कुठली धरलीय? हे गाणं काळी पाचमध्ये आहे, तुम्ही काळी चारमध्ये वाजवताय. माझी चेष्टा करायला बोलावलंत का मला इथं?"

आता माझं डोकं फिरलं. पाहुणे असतील, देव असतील, पण दोन वर्षं कॅसेट उलटीपालटी करून ह्या हातांनी ते गाणं बसवलं होतं.

"सर, आम्ही हुबेहूब वाजवतोय," मी म्हणाले. "तुम्हाला स्वतःचं गाणं आठवत नसेल तर तो आमचा दोष नाही."

अल्ताफ पुटपुटला, "या अल्ला." वहिनींनी तोंडाला पदर लावला, पण डोळे हसत होते.

"आठवत नाही?" रणपिसे लालबुंद. "मला आठवत नाही? कुठाय ती कॅसेट? लाव."

मी कॅसेट लावली. गिटारी सुरू झाल्या, जड, संथ. मग आवाज आला. मी विजयी चेहऱ्यानं त्यांच्याकडे बघत उभी राहिले.

रणपिशांच्या कपाळाला आठी पडली. ते टेपरेकॉर्डरजवळ गेले, वाकले, कान लावला. "हा मी नाही," ते म्हणाले. मग अजून वाकून, "शब्द माझे आहेत. पण हा कोण?" मग सरळ झाले आणि अल्ताफकडे वळले. "ही कॅसेट भरली कुणी?"

"मामूनं. पिंपरीला. त्याच्याकडे ओरिजिनल होत्या दोन्ही. त्याच्या डेकवर लावल्या आणि माझ्या टेपवर भरून घेतल्या, एका दुपारीच."

"डेक कसला होता?"

"जुना. मामू म्हणायचा, बेल्ट थोडा दमलाय, पण चालतोय."

रणपिशांनी कपाळावर हात मारला आणि हसायला लागले. खो खो, पोट धरून. "दमलाय म्हणे! अरे, बेल्ट सैल होता. बेल्ट सैल पडला की पंप पाणी कमी फेकतो, तसं ह्या डेकनं मला कमी फेकलंय. डेक हळू फिरला म्हणून गाणं हळू झालं, आणि हळू झालं म्हणून सूर खाली गेला. तुम्ही दोन वर्षं सैल बेल्ट बसवत होतात, पोरांनो!"

नंदू वाघमोडे सहसा बोलत नसे. तो तेव्हा बोलला. "म्हणजे जुना बसाल्ट जड नव्हताच?"

त्याला कच्चा खावा असं वाटलं मला. माझा सगळा सिद्धांत, कॅन्टीनमधली सगळी व्याख्यानं मामूच्या सैल बेल्टवर उभी होती. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. आणि तरी, काय सांगू, कॅसेट वाजतच होती आणि मला ती अजूनही तेवढीच आवडत होती. तेवढीच!

हसणं ओसरल्यावर रणपिसे टेबलाच्या कडेला टेकले. कॅसेट बंद कर असं ते म्हणाले नाहीत. गाणं शेवटाकडे निघालं. त्यांचे ओठ हलायला लागले, आधी नुसतेच, मग काहीतरी पुटपुटल्यासारखे. भोंग्याची आरोळी सुरू झाली तसे मात्र त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले, आणि उठून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

शैलावहिनींनी माझा दंड धरून मला व्हरांड्यात ओढलं.

"तुला कळलं का?" त्यांनी विचारलं.

"बेल्टचं? हो, वहिनी, सॉरी, आम्ही आता..."

"बेल्ट राहू दे गं. आवाज ऐकलास? तुझ्या कॅसेटवरचा?"

"ऐकला."

"तो ह्यांचा तेव्हाचा आवाज नाही. तेव्हाचा माझ्या कानात आहे, पक्का. बारीक, धारदार, पाट्याला सुरी लावल्यासारखा. हा आत्ताचा आहे. हे घरात मला हाक मारतात ना, तो." त्या आत बघून घेऊन मग खालच्या आवाजात बोलू लागल्या. "दुसरा अल्बम झाला आणि ह्यांच्या घशात गाठ आली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण आवाज खाली बसला तो बसलाच. भोंगा द्यायला गेले की नुसती हवा. बँडवाले थांबले बरीच वर्षं, मग तो छत्रीवाला घेतला. त्यांचंही चूक नाही, पोटं होती त्यांना. पण हे तेव्हापासून गात नाहीत. लोकांना तो जुना सूर हवा, तो येत नाही, मग लोक कीव करतात. ती ह्यांना सोसत नाही."

मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "वहिनी! म्हणजे ह्या पट्टीत ते..."

"गप्प," वहिनींनी माझं तोंडच दाबलं. "शब्द दिलायस तू. आणि सांगितलं की हे मागं सरतात, मी संसार केलाय त्यांच्याशी. काही बोलायचं नाही. फक्त तारा वर चढवू नका. त्यांनी सांगितलं तरी नाही."

आणि सांगितलंच त्यांनी. आम्ही आत गेलो तेव्हा रणपिसे खिडकीतूनच अल्ताफला म्हणाले, "आता नीट बसवून घे. काळी पाच."

अल्ताफनं माझ्याकडे बघितलं. मी मानेनंच नको म्हटलं. "वेळ नाही, सर," मी म्हणाले. "तारा चढवल्या तर तुटायच्या. आजच्या दिवस चालवून घ्या." त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं आणि चहा मागवायला सांगितला.

संध्याकाळी मांडव गच्च भरला होता. शाल-श्रीफळ झालं, बक्षिसं झाली, प्राचार्यांनी पाहुण्यांची ओळख "छत्रीफेम बसाल्ट" अशी करून दिली. झालं! मागच्या रांगांनी घोषणाच धरली. छत्री! छत्री! कुणीतरी खरोखरची छत्री उघडून नाचवायला लागलं. रणपिसे खुर्चीत ताठ बसून होते, मांडीवर शाल, शालीवर नारळ, चेहऱ्यावर काही नाही. पहिल्या रांगेत शैलावहिनी पदराचं टोक पिळत होत्या.

मी आयुष्यात कधी एवढी गप्प बसले नाही. जीभ नुसती वळवळत होती. माईक माझ्यापासून दोन हातांवर होता. एक शब्द, फक्त "सर" एवढं म्हटलं असतं तरी पोरांनी पुढचं केलं असतं. नाही म्हटलं. काठ्या घट्ट धरल्या आणि सरळ मोजून दिलं. एक, दोन, तीन, चार.

'भोंगा' सुरू झाला. मागून हुर्यो उडाली, कुणाला ते गाणं माहीतच नव्हतं. अल्ताफ पहिलं कडवं गायला. रात्रपाळी, तापलेलं लोखंड, डब्यातली गार भाकरी. दुसरं कडवंही झालं. मी पाहुण्यांकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि सतत तिकडेच बघत होते. त्यांचा पाय हलत होता. नुसता बुटाचा पुढचा भाग, माझ्या ढोलाच्या ठोक्यावर.

मग भोंग्याची जागा आली. अल्ताफनं आरोळीसाठी श्वास भरला. आणि तो बाजूला झाला! पठ्ठ्या माईकसमोरून नुसता बाजूला झाला, कुणाला काही न विचारता, कुणाला गा न म्हणता, गरीब गायीसारखा खाली बघत. मी शब्द दिला होता, त्यानं दिला नव्हता. जागा रिकामी. मी आणि नंदू एकाच जागेवर फिरत राहिलो, तेच ठोके, तेच ठोके, परत, परत. मांडवात कुजबुज सुरू झाली. कुणीतरी ओरडलं, "विसरला रे!"

रणपिसे उठले. नारळ खुर्चीवर ठेवला, शाल मांडीवरून घसरली ती उचललीसुद्धा नाही. चालत माईकपाशी आले. आमच्याकडे वळून बघितलं, घसा खाकरला. तोंड उघडलं आणि आधी काहीच आलं नाही. नुसती हवा. माझ्या काठ्या घामानं निसटायला लागल्या. पहिल्या रांगेत वहिनींनी डोळे मिटून घेतले.

मग तो आला. खालून, पार तळातून, जाडजूड, खरखरीत. आमच्या गावच्या साखर कारखान्याचा भोंगा पहाटे घरांवरून जातो तसा तो मांडवावरून गेला आणि चढत राहिला. फार वर नाही. जेवढं ह्या पट्टीत लागतं तेवढंच वर, आणि तिथं जाऊन थांबला, हलला नाही. बारीक नव्हता, धारदार नव्हता. कॅसेटवर होता तोच होता, मी दोन वर्षं ज्याच्यावर जीव टाकला होता तोच. रडत रडत ड्रम वाजवता येतो हे मला तेव्हा कळलं.

गाणं संपलं. टाळ्या पडल्या, पण जशा पडायला हव्या होत्या तशा नाहीत. पुढच्या चार रांगा उभ्या राहिल्या, मागं अजून छत्रीचीच घोषणा चालली होती, प्राचार्य घड्याळ दाखवून मला खुणा करत होते की पुढचा कार्यक्रम घ्या. शैलावहिनी मात्र बसूनच होत्या. पदराचं टोक अजून मुठीतच.

रणपिशांचं कशाकडेच लक्ष नव्हतं. ते पाठमोरे झाले, आमच्याकडे तोंड, मांडवाकडे पाठ. घामानं निथळत होते.

"अजून काय काय बसवलंय?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही अल्बम, सर," अल्ताफ म्हणाला. "सगळेच्या सगळे."

"ह्याच पट्टीत?"

"ह्याच."

"मग माझ्या तोंडाकडे काय बघताय?" मुकुंद रणपिसे म्हणाले. "घ्या की."